परसातला डोह

आमच्या घरची बाई कुठल्याही गावाला गेली की आधी विहीर बघायची, मग पाहुणे. लग्न असो, बारसं असो, मयत असो. टमटममधून उतरली की पदर खोचून विचारणार, "इथं पाणी कुठं हाय?" लोकांना वाटायचं, तहान लागली असेल. कोणीतरी तांब्या आणून द्यायचं. ती तांब्या माझ्या हातात द्यायची आणि विहिरीकडे चालायला लागायची. काठावर वाकून आत बघायची, एक खडा टाकायची, कान देऊन ऐकायची आणि मान हलवायची. "दोन पुरुष खोल हाय." नाहीतर, "नुस्ता गाळ हाय, बेडकाचं बी भागायचं न्हाई यात." मग मांडवात. मयतीला गेलो तरी हेच. मी मान खाली घालून उभा.

तिचं नाव शेवंता. माहेर बिलोलीकडचं, मांजरा नदीच्या काठचं. तिकडं अर्धी माणसं तेलुगू बोलतात, म्हणून हिच्या मराठीतही अधूनमधून तेलुगू यायचं. पाठीला वाळका भोपळा बांधून ती नदीच्या डोहात पोहायला शिकली. मग भोपळा सुटला आणि ही राहिली पाण्यातच. लग्न होऊन आली चाकूरला. इथं नदी नाही, ओढा आहे, तोही पाहुण्यासारखा येतो आणि जातो. ती मला टोमणा मारायची, "मांजरा तुमच्या लातूरवरनंच येतीय म्हणं. पण तुमच्याकडं कुणी तिला पोटभर जेवू घालंना. आमच्याकडं आली की अंग धरती."

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तिने माझ्या आईला विचारलं, "आत्याबाई, हितं बायका पवायला कुठं जातेत?"

आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "बायका पवत न्हाईत. बायका पाणी भरतेत."

झालं. तो विषय तिथंच संपला.

मी मोटारीचं काम करायचो. विहिरीतल्या, बोअरमधल्या मोटारी काढायच्या, दुरुस्त करायच्या, परत सोडायच्या. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं पान्याने शिकवलं. जन्म पाण्याच्या तोंडाशी गेला पण पोहायला काही आलं नाही. कमरेला दोर बांधून उतरायचो, काम झालं की वर. एकदा शिवारातल्या एका विहिरीत पाइपाच्या खालच्या टोकाचा फुटव्हॉल्व्ह काढत होतो आणि दोर कुजका निघाला, तुटून मी पाण्यात. शेवंता भाकरी घेऊन आलेली. वर चार बाप्ये उभे होते, ते "दोर आणा, बाज आणा" म्हणून एकमेकांवर ओरडत राहिले. हिने टोपलं खाली ठेवलं, काष्टा मारला आणि उडी टाकली.

मी हातपाय झाडत होतो. ती जवळ आल्याबरोबर मी तिच्या गळ्याला मिठी मारायला गेलो. तिने माझ्या कानाखाली एक ठेवून दिली. पाण्यात. नवऱ्याला. आणि म्हणाली, "तुमी मला धरू नका. मी धरलंय तुमाला. भयम लेदू. अंग सोडा."

भयम लेदू म्हणजे भ्यायचं काही नाही. मी अंग सोडलं. सोडलं कसलं, जोरच संपला होता. तिने मला बंडीला धरून पायऱ्यांपर्यंत ओढत नेलं. पुढे किती दिवस गावातली माणसं मला विचारायची, "काय मिस्त्री, आज कुणाच्या गळाला लागलाव?" तिची कोणी तारीफ केली की ती म्हणायची, "भाकरी गार झाली त्या दिवशी, त्याचं बोला."

तेव्हापासून ते तिचं बोलणंच होऊन बसलं. माझं कोणाशी भांडण जुंपलं, की मागून आवाज, "अंग सोडा." बालाजी, आमचा मुलगा, दहावीला नापास झाला. मी चप्पल घेऊन उठलो, तर ही दारात आडवी. "अंग सोडा. आपण अंग सोडलं की पाणी धरतंय."

"पाणी धरत नाही, बुडवतं," मी म्हणायचो. "मी बघितलंय."

"धरून बसणाऱ्याला बुडवतंय," ती म्हणायची आणि कामाला लागायची. बाईशी बोलून जिंकलो असं एकदाही झालं नाही.

म्हातारपणी तिचे गुडघे गेले. मोरीपर्यंत जायचं तरी भिंत धरून. तोंडाने मात्र धडधाकट. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशन करायला हृदय साथ देणार नाही. गोळ्या घ्या, वजन कमी करा, आणि जमलं तर पाण्यात चाला, पाण्यात गुडघ्यावर भार येत नाही. बाकीचं तिने काही ऐकलं नाही. पाण्यात चाला एवढंच ऐकलं. परत येताना एसटीत माझ्या मांडीवर हात मारून म्हणाली, "बघा, डाक्टरनंच सांगितलं. आता तुमची आई बी काय म्हणायची न्हाई." आईला जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

पुण्याहून बालाजीने एक निळा रबरी टब पाठवला. फुगवायचा. त्यावर मासे छापलेले. शेवंता त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाली, "यात माझा एक पाय मावंल. दुसरा कुठं ठिवू, शेजारी?"

फोनवर बालाजी हसायला लागला. "आई, स्विमिंग पूल बंगलेवाल्यांकडे असतो."

"मग आपल्याकडं म्हशीच्या गोठ्यात असंल," ती म्हणाली.

म्हैस विकलेली होती. मागच्या परसात गोठ्याची जागा मोकळी पडलेली. चैत्र संपत आला होता, दुपारी पत्र्याकडे बघवत नव्हतं. दोन गडी लावून मी खड्डा खणायला घेतला. हातभर माती आणि खाली मुरूम. पहार मारली की ठिणगी उडायची. शेवंता लिंबाखाली बाजेवर बसून मुकादमकी करायची. "त्या कोपऱ्यात उतार ठिवा. तिकडं छातीइतकं पायजे, न्हाईतर पवायचं कसं?" गड्यांना वाटलं, म्हातारीला ऊन लागलंय.

खड्ड्याला आतून शेततळ्याचा कागद लावायचं मी ठरवलं. तो काळा जाड प्लॅस्टिकचा असतो, शेतकरी तळं गळू नये म्हणून अंथरतात. मी असले कागद पुष्कळ ठिकाणी बघितले होते, त्यामुळे ऐटीत होतो. उतरायला जुन्या बोअरचे लोखंडी पाइप जोडून काठापासून तळापर्यंत कठडा केला.

आता पाणी. आमच्या बोअरला थोडं थोडं पाणी होतं, पण गल्लीत टँकर यायचा आणि घागरींची रांग लागायची. शेजारच्या मास्तरीणबाई भिंतीपलीकडून ऐकू जाईल असं बोलल्या, "लोकाला प्यायला घागर न्हाई, आन म्हातारीला डुंबायचंय."

मी भांडायला उठलो. शेवंताने हाताने खाली बसवलं. बाई खरं बोलतेय म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तिने नियम केला. सकाळी मोटार सुरू झाली की आधी नळी दाराबाहेर. गल्लीतल्या घागरी भरल्या की मग उरलेलं खड्ड्यात. काही दिवस उरायचंच नाही. खड्डा बोटबोट चढायचा. ती भिंत धरून मागच्या दारात यायची, आत बघायची आणि परत जायची. तिच्या पायाला सूज येत होती, रात्री आडवं पडलं की दम लागत होता. कधीकधी मला वाटायचं, हे भरायच्या आधी ही जाते.

एकदाचं भरलं. तिने काठावर हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. दुपारची वेळ. मी हाताला धरून तिला कठड्यापाशी आणलं. तिने पाय आत घातला आणि ओरडून बाहेर काढला. पाणी कढत होतं. काळा कागद, वर वैशाखाचं ऊन, दिवसभर तापलेलं. शेततळ्यात कोण आंघोळ करायला जातं? हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी तोंड पाडून उभा. ती खाली बसून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. "अवो, मला पवायचं होतं. तुमी तर शिजवायला घातलाव की! मीठ-मसाला टाकलाव का न्हाई?"

मग तिने मला आतून ट्रंक आणायला सांगितलं. तिच्या सगळ्या जुन्या साड्या बाहेर काढल्या. हिरव्या, जांभळ्या, बाळंतपणातल्या, वास्तुशांतीच्या. म्हणाली, "शिवा. वर मांडव घाला." मी दाभण-सुतळी घेऊन बसलो. एक लाल साडी हाताला आली, लग्नातली. मी ती बाजूला ठेवली.

"ती कामून ठिवलाव?"

"लग्नातली आहे."

"मग? लग्नातल्या साडीची सावली पडत न्हाई का?"

ती बरोबर मधोमध शिवली. चार खांबांना तारा ओढून साड्यांचा मांडव ताणला. दोन दिवसांत पाणी निवलं.

ती उतरली तो दिवस मी विसरणार नाही. काष्टा मारला, कठडा धरून एक एक पाऊल उतरली, कंबरेपर्यंत पाणी आलं आणि तिने हात सोडला. भिंत नाही, काठी नाही, माझा खांदा नाही. इकडून तिकडे चालत गेली. मोरीपर्यंत जायला मला हाक मारणारी बाई. मग खोल कोपऱ्याकडे वळली, छाती पाण्यावर टेकली आणि पाय मारले. तिचं वय, तिची सूज, तिचं दुखणं सगळं काठावर चपलांसारखं पडून राहिलं. वरच्या साड्यांचा रंग पाण्यावर हलत होता आणि त्यातून हिचं पांढरं डोकं जात होतं. मी बघत राहिलो. लग्न झाल्यापासून मी या बाईला पाण्यात एकदाच बघितलं होतं, आणि तेव्हा मी मरत होतो.

पाण्यातूनच तिने भिंतीकडे आवाज दिला, "मास्तरीणबाई, या की! तुमच्या गुडघ्याचा बी आवाज हिकडं ऐकू येतोय."

त्या आठवडाभराने आल्या, आधी नुसते पाय सोडून बसल्या. नंतर गल्लीतल्या चार-पाच म्हाताऱ्या दुपारी जेवण उरकून यायला लागल्या. कोणी पाण्यात चालायचं, कोणी नुसतं गळ्यापर्यंत बसून सुनांच्या चहाड्या सांगायचं. त्या वेळेला मला परसात यायला बंदी. मी पुढच्या ओट्यावर बसून मागचं हसणं ऐकायचो. वापरलेलं पाणी ती वाया जाऊ द्यायची नाही, बादलीने लिंबाला आणि शेवग्याला.

सकाळी मात्र ती मला बोलवायची. "या. शिकून ठिवा."

"या वयात?"

"मग कोणत्या वयात? मी काय दर टायमाला काढायला यिन का?"

मी उतरायचो आणि दोन्ही हातांनी पाइप धरून उभा राहायचो. ती समोर हात पसरून, "रा, रा," म्हणजे ये ये करायची, लेकराला बोलवावं तसं. "सोडा तो पाइप. भयम लेदू." माझ्याने पाइप सुटला नाही. "लोखंडाशी लगीन लावायचं होतं तुमी," म्हणून ती निघून जायची, एकटीच चकरा मारायला.

हिवाळ्यात तिला लातूरला दवाखान्यात नेलं. बाटली लावलेली, नाकाला नळी. मी शेजारी स्टुलावर तिचा हात धरून बसलेलो. उजाडता उजाडता ती म्हणाली, "अवो, हात दुखायलाय. सोडा की जराशीक." मी सोडला. म्हणाली, "जा, चहा पिऊन या." मी खाली जाऊन चहा प्यायलो. वर आलो तेव्हा संपलं होतं.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला बालाजी आला तो ट्रॅक्टरभर मुरूम सांगूनच. म्हणाला, "बाबा, खड्डा बुजवून टाकू. तुम्ही एकटे राहता, पोहता येत नाही. पाय घसरला तर कोण आहे काढायला?" त्याचं काही चुकलं नाही. काढणारी नव्हतीच.

तेवढ्यात भिंतीवरून मास्तरीणबाईंनी डोकं वर काढलं. "भाऊ, औंदा पाणी कवा सोडायलाव? गुडघे बोलायलेत."

मी बालाजीला म्हणालो, "मुरूम पुढच्या अंगणात टाक. चिखल होतो तिथं."

साड्या उन्हाने विटल्या होत्या, काही ठिकाणी हात लावला की फाटत होत्या. मांडव उतरवला, दाभणाने परत शिवला, परत ताणला. सकाळी नळी आधी दाराबाहेर, घागरी भरल्या की मग खड्ड्यात. नियम तिचाच. मोटार आता मीच चालू-बंद करतो. दुपारी म्हाताऱ्या येतात, मी पुढच्या ओट्यावर जातो.

सकाळी पाणी मोकळं असतं. रोज उतरतो. वर लग्नातली साडी, लाल राहिली नाही, गुलाबी झाली आहे, तिचा रंग पाण्यावर माझ्या भोवती हलतो. कठडा धरून छातीइतक्या पाण्यापर्यंत जातो आणि उभा राहतो. कोणी ऐकत नाही असं बघून मोठ्याने म्हणतो, "भयम लेदू."

एक हात सोडलाय. दुसरा अजून पाइपावरच आहे.