आजी आधी गेली की आजोबा?

आमच्या बापूंना आई आठवत नव्हती, बापही आठवत नव्हता. ते रांगत होते तेव्हा आमच्या गावात, धावड्यात, पटकीची साथ आली आणि आठवड्याच्या आत दोघंही गेले. बापूंना त्यांच्या मामानं वाढवलं. पण आधी कोण गेलं, यावर मामा-मामीचं जन्मभर जमलं नाही.

मामा म्हणायचे, "माझी बहीण कुंकवासकट गेली."

मामी चुलीपुढूनच ओरडायची, "कशाची कुंकवासकट! फुटलेल्या बांगड्या मी झाडून काढल्यात तिच्या."

पुढं तेही दोघं गेले. भांडण तेवढं आमच्याकडं राहिलं.

ऐकणाऱ्याला वाटेल, काय मोठंसं. पण नवऱ्याआधी जाणाऱ्या बाईचा पितृपक्षात वेगळा मान असतो. अविधवा नवमीला तिच्या नावानं सवाष्णीला कुंकू लावायचं, ओटी भरायची, जेवू घालायचं. बापू मामीच्या शब्दाला भिऊन आईचा घास दरसाल अमावस्येलाच, साऱ्या पितरांच्या गर्दीत ठेवत. पन्नाशी उलटल्यावर एकदा मला म्हणाले, "तिचा मान मी मारून राह्यलो का रे?"

इथं मी तोंड उघडलं. निजामाच्या शाळेत उर्दूतून शिकलेला आमच्या घरात मी एकटा. शिक्षण संपतं न संपतं तोच राज्य गेलं आणि माझी उर्दू लग्नातल्या कोटासारखी पेटीत पडली. तिला ऊन दाखवायची ही संधी मी कशाला सोडतो!

"बापू, मेलेल्या माणसाची नोंद भोकरदनला तहसिलात असती. मी वाचून आणतो. मामाचंच खरं निघतंय बघा. तुम्ही नवमीचा सैपाक धरा."

"आधी बघून ये. मंग धरू."

"सरकारी काम हाय बापू, बिलकुल बराबर निघणार."

ओढा दिसायच्या आधीच धोतर खोचणारा माणूस मी. माझ्याच हट्टापायी मायनं शेजारच्या काकूला नवमीची सवाष्ण म्हणून सांगून टाकलं.

अष्टमीला तहसिलात गेलो. तिथला कारकून नव्या राजवटीतला, त्याला उर्दू अक्षर लागत नव्हतं. फडक्यात बांधलेलं जुनं दप्तर त्यानं माझ्यापुढं सरकवलं. "तुम्हीच बघा, मास्तर." मास्तर म्हटल्यावर मी असा फुगलो की दुसऱ्याच गावची मयतं मोठमोठ्यानं वाचायला लागलो. कामाला आलेली माणसं टोप्या काढून ऐकत राहिली.

दुपार कलताना धावड्याचं पान सापडलं. आजोबांचं नाव होतं. आजीचं नव्हतं, 'जौजे' लिहून पुढं पुन्हा आजोबांचंच नाव, म्हणजे त्यांची बायको. आणि तारीख दोघांची एकच.

एकाच दिवशी गेले! मला भरून आलं. मग नजर खाली उतरली. त्या पानावरच्या साऱ्यांचीच तारीख एक होती. साथीत गावचा पाटील रोज कुठला तालुक्याला येतोय? मेलेल्यांची वर्दी त्यानं साठवून एकदाच दिली असणार आणि लिहिणाऱ्यानं सगळ्यांना त्याच दिवशी मारून टाकलं. बरं, ओळींवरून काही कळेल म्हणावं, तर पुरुष सगळे वर, बायका सगळ्या खाली. त्या पानाचं ऐकायचं तर त्या साथीत आमच्या गावात एकही बाई सवाष्ण मेली नाही.

"सापडलं का, मास्तर?" कारकुनानं विचारलं.

"सापडलं," मी म्हणालो. याहून वाईट उत्तर मला दुसरं सुचत नव्हतं.

नवमीला मोटारीनं आणि पुढं पायी गावाकडं निघालो. वाटेत दोन थापा तयार केल्या, एक मामाच्या बाजूची, एक मामीच्या. दोन्ही पाठ झाल्या. पण घरात पाय टाकला तर काकू पाटावर बसलेली, पुढं पुरणाचं ताट, माय करंडा उघडून उभी, आणि बापू नवं धोतर नेसून दाराशी. त्यांचं तोंड बघून दोन्ही थापा विसरलो.

"ती पयले गेली ना?"

"लिहिलं न्हाई, बापू. दोघांचा एकच दिवस टाकलाय. साऱ्या गावाचाच."

"मंग मामी खोटी का?"

"ते भी कळत न्हाई."

मायचं बोट कुंकवात बुडालेलं, तसंच थांबलं. "लावू का पुसू?" तिनं विचारलं. "चुकून लावलं तर काय सासूबाई रागवतील?"

"रागवली तरी चाललं असतं," बापू म्हणाले. "एकदा आवाज तरी ऐकला असता तिचा."

पुरणावरचं तूप थिजायला लागलं. काकू ताटाकडं बघे, मायच्या बोटाकडं बघे. शेवटी तीच म्हणाली, "जल्दी ठरवा बाबा. मी जेवू का उठू? घरी लेकरं वाट बघून राह्यलीत."

बापू माझ्याकडं बघत राहिले. मायही. तहसिलातून मीच आल्तो ना.