सही, पीडीएफ आणि नहराचं टेल

८ जुलै. आज तलावाच्या पाणीवाटपाच्या ॲपमध्ये मदतीची पानं चढवायची होती. पाण्याची पाळी कुणाची ते कुठे पाहायचं, नहराचं, म्हणजे कालव्याचं, दार उघडल्याची नोंद कशी करायची, चुकलं तर काय करायचं, हे सगळं मी हाताने लिहून दिलं होतं. ॲप नागपूरचे काही प्रोग्रॅमर फुकटात बनवतात, आणि आमच्यासारख्या तलावांवरचे लोक त्यांना मदत करतात. धानाची रोवणी तोंडावर होती. ॲप वापरता आलं नाही तर पाणी पुन्हा दांडगाईवर जाणार. माझ्या धानाच्या बांध्या नहराच्या टेलवर, म्हणजे अगदी शेवटाला, आहेत. दांडगाईत टेलला चिखलसुद्धा मिळत नाही.

पाणीसंस्थेच्या सचिवांची जमीन नहराच्या तोंडाशी. त्यांनी मला न विचारता माझी पानं आपल्या मोहाडीच्या साळ्याकडून, म्हणजे मेहुण्याकडून, टाइप करून घेतली होती, टायपिंगच्या परीक्षांच्या काळातल्या जुन्या फॉन्टमध्ये. वर संस्थेचं नाव, खाली सहीची जागा.

"पाहा, कसं हापिसावानी दिसून राहिलं," संस्थेच्या कार्यालयात मला फाइल दाखवत ते म्हणाले.

मी ती फाइल नहरावर पाणी सोडणाऱ्या माणसाच्या मोबाईलवर उघडली. इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं. मराठीचा एक शब्द नाही.

"त्याचा मोबाईल जुना हाय," सचिव म्हणाले.

मग त्यांच्याच नव्या मोबाईलवर उघडली. तेच. तो जुना फॉन्ट मोबाईलमध्ये नसतोच.

"मंग पीडीएफ करा ना बाई. कायले एवढ्या तापून राहिल्या?"

"पीडीएफ दिसन. पण पाळी बदलली तं दुरुस्त कोण करन? तुमचा साळा? बाजाराच्या दिवशी तं तो फोनबी उचलत नाही."

मी नागपूरच्या प्रोग्रॅमर मुलीला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. तिने सरळ सांगितलं: पानं साध्या मजकुराच्या फाइलींमध्ये हवीत, कुठल्याही मोबाईलवर दिसणाऱ्या युनिकोडमध्ये, प्रोग्रॅमच्या शेजारीच ठेवलेली. चूक दिसेल त्याने दुरुस्ती सुचवायची, दुसऱ्याने तपासून मान्य करायची. पीडीएफ घेणार नाही.

"म्हणजे कोनीबी येऊन लिवन? मंग माझ्या सहीले काय अर्थ रायला?" सचिव फोनवर ओरडले. "काढून टाका आमचा तलाव तुमच्या ॲपातून!"

"तलाव तुमच्या अंगणातला हौद नाही, भाऊ," मी म्हटलं.

"तुमाले तुमच्या टेलची पडली."

"हो, टेलचीच पडली. तुमाले तोंडाची पडली, म्हणून तं पाळ्यांवर तुमचीच सही पाहिजे. तलाव काढाचा असन तं आमसभेत सांगा, सगळ्या टेलवाल्यांसमोर."

आमच्याकडे टेलवाले जास्त आहेत. सचिवांनी पान थुंकायच्या निमित्ताने बाहेर चक्कर मारली आणि परत आले.

"ठेवा तुमच्या फाइली. पण त्याचा कागद काढून आणा, मी सही करीन. अन् आमचा माणूस पुन्हा टाइप करनार नाही."

"सांगितलं कोणी त्याले? मीच करीन."

"करा. पाहतो रोवणीपर्यंत किती होते ते."

घरी येऊन साळ्याची फाइल फॉन्ट बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढून पाहिली. जोडाक्षरं फुटली, आकडे भलतीकडे गेले. सुधारत बसण्यात अर्थ नव्हता.

९ जुलै. सकाळी भाकरी उरकल्या आणि माझी हस्तलिखितं घेऊन टाइप करायला बसले. सुरुवात शेवटच्या पानापासून केली. टेलच्या पाळ्या त्या पानावर आहेत. बाकीचं राहिलं तरी तेवढं चढलं पाहिजे.