तिच्या इरल्याची पानं

हिर्डोशीच्या खाचरात भर पावसात भात लावताना सासूबाई गारठल्या, म्हणून मी बांधावर शेकोटी पेटवायला बसले. फुंकून फुंकून डोळे चुरचुरले, पण ओल्या काटक्यांतून नुसता धूर निघत होता. वाटेनं चाललेली एक अनोळखी बाई थांबली. तिनं डोक्यावरचं पानांचं इरलं काढून शेकोटीवर आडोशाला धरलं, आतली कोरडी पानं ओरबाडली आणि काटक्यांखाली सारली. स्वतः भिजत राहिली.

"इरलं काय, पुन्हा बांधता येतंय. म्हातारं मानूस गारटाय नगं."

जाळ धरला. मला कधी शाबास न म्हटलेल्या सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि निघताना माझं माहेरचं इरलं तिच्या डोक्यावर ठेवलं.

घरापर्यंत त्या तिचंच कौतुक करत होत्या. मी भिजत ऐकत होते.

अजूनही पाऊस लागला की मनात येतं, ते इरलं तिच्या डोक्यावर गळू दे.