संत्र्याच्या चकत्या आणि वरची कुरकुर

आमच्या थोरल्या जाऊबाई, बतूल, म्हणजे मोरोक्कोतल्या फेझ शहरातल्या आमच्या गल्लीचं नाक. कुणाच्या चुलीवर काय करपतंय ते त्या गच्चीवरून सांगायच्या. गेल्या वर्षी त्यांना ताप आला. तो उतरला, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. हिवाळा लागला तरी काही परत येईना. भाजी चिरून द्यायच्या आणि उठून जायच्या. चूल त्यांनी सोडूनच दिली.

एका शुक्रवारी कुसकुस जेवून आम्ही लवंडलो होतो, तेवढ्यात जवळच्या सेफ्रू गावाहून जाऊबाईंची मावशी सुना-नातवंडांसकट दारात. चहा होता, गोडाचं काहीच नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, "बतूल, मावशी तुझी. बघ काय ते."

"साखरेऐवजी मीठ पडलं तरी मला कळायचं नाही."

"त्यांना कळेल की. ऊठ."

त्या उठल्या. संत्री सोलून, पांढरं सगळं काढून गोल चकत्या केल्या. नारिंगीच्या फुलांचं पाणी शिंपडताना मला विचारलं, "बास?" मी वास घेऊन मान हलवली. कोपऱ्यावरच्या बाईकडून आणलेल्या कागदासारख्या पातळ पोळ्या उरल्या होत्या. त्यांच्या बोटभर पट्ट्या कापून तेलात सोडल्या. आता मात्र मला काही विचारलं नाही. कान देऊन उभ्या राहिल्या, आणि तेलाची चरचर मंदावली तशा पट्ट्या भराभर उपसल्या. चकत्यांवर त्या पसरून वर पिठीसाखर आणि दालचिनी भुरभुरली.

मावशी खाता खाता म्हणाली, "अगदी तुझ्या आईसारखं झालंय गं."

जाऊबाई नुसत्याच बसल्या होत्या. सासूबाईंनी बशी पुढे केली.

"मला काय उपयोग?"

"दात आहेत ना अजून? मग खा."

त्यांनी घास घेतला. पट्टी इतक्या जोरात मोडली की मावशीचा नातू हसायला लागला. त्यांनी दुसरा घास घेतला, मग तिसरा.

"संत्रं गार लागतंय," त्या हळूच म्हणाल्या. "आणि वरचं छान मोडतंय." बशी रिकामी झाल्यावर अजून मागितलं. कित्येक महिन्यांत त्यांनी काही मागून घेतलं नव्हतं. सासूबाई ओढणीनं डोळे टिपत चहा ओतत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आधी जाऊबाई चुलीपाशी होत्या. उन्हाळ्यात कॉफीचा वास परतला, बाकीचे अजून रेंगाळताहेत. मीठ मीच चाखून सांगते. कमी पडलं, की जाऊबाई माझ्याच जिभेला नावं ठेवतात.