दोन टँक आणि आमची गल्ली

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. कारण हा किस्सा सांगायला लागलो की मला अजून घाम फुटतो. माणसानं फजिती करून घ्यावी, पण आख्खी गल्ली सोबत घेऊन?

मी तेव्हा लातूरला पॉलिटेक्निकला होतो, इलेक्ट्रॉनिक्सला. जिल्हा नवा नवा झालेला. उस्मानाबादपासून वेगळे झालो म्हणून लोक खुशीत, आणि रोज कशाचं तरी उद्घाटन. पाणी तेवढं नव्हतं. लागोपाठ पाऊस दगा देऊन गेलेला. नळाला नुसती हवा यायची आणि सगळी गल्ली टँकरच्या हॉर्नकडं कान लावून बसायची.

खोलीतला माझा जोडीदार देगलूरचा, नरसिंग. आम्हा दोघांना एकच वेड लागलेलं. लढाईतले टँक असतात ना, पुढं तोफ असलेले, तसे वीतभर लांबीचे बनवायचे आणि लांबून बटण दाबून त्यांची लढाई लावायची. अंग साबणाच्या डबीचं, पट्टे सायकलच्या ट्यूबचे, तोफ म्हणजे रिफिल संपलेल्या पेनाची नळी. खरी गंमत आत होती. रिमोटमधून डोळ्यांना न दिसणारा उजेड सुटायचा, टँकच्या कपाळावरचा डोळा तो ओळखायचा आणि टँक पळायचा. तोफेतूनही तसाच उजेड. समोरच्याला लागला की त्याच्या मोटारीचा करंट बंद, गडी खलास. सर्किट सगळं आमचंच. नरसिंग हैदराबादहून सुटे भाग आणायचा, मी सोल्डरिंगचे डाग द्यायचो आणि बोटं भाजून घ्यायचो. खिडकी लावून घेतली की खोलीत अशी लढाई रंगायची, की जेवायचं भान राहायचं नाही.

मग ठरलं. रविवारी सकाळी गल्लीच्या टोकाला शाळेचं मैदान आहे, तिथं लोकांना दाखवायचं.

घरमालकीण कौसल्याकाकूंना सांगायला मी उड्या मारतच गेलो. त्या दारात रिकामी घागर घासून राहिल्या होत्या. तिथंच मला कळायला हवं होतं की नाही?

"काकू, रविवारी मैदानात या. आमचे दोन टँक येऊन राहिलेत."

काकूंचा हात थांबला. "दोन?"

"हाव. एक माझा, एक नरसिंगचा."

"तुमचे कसे काय रे?"

"आम्हीच केलं ना सगळं. लई दिवस खटपट चालली होती."

"भरलेले असतेत का?"

मला वाटलं, बॅटरीचं विचारून राहिल्या. "सकाळी फुल्ल भरूनच आणणार."

"आन् पुरतंय का समद्याला?"

"अर्धा तास आरामात चालतंय. फक्त गर्दी नको. सगळ्यांना लाइनीत उभं करा."

"सरकारी मानूस असतंय का कोनी?"

"कलेक्टरसाहेबांना बोलवायचा विचार हाय." विचार होता, खोटं नव्हतं.

काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. आता सांगा, साबणाच्या डबीसाठी कोणी अशी दृष्ट काढतं का? पण मला वाटलं, बाईला विज्ञानाची आवड दिसते.

रविवारी पुठ्ठ्याच्या खोक्यात टँक घेऊन आम्ही मैदानात गेलो आणि फाटकातच थबकलो. घरात म्हणून माणूस राहिलं नव्हतं. घागरी, हंडे, कळशा, तेलाचे डबे. एक जण तर लेकराला अंघोळ घालायचा टब डोक्यावर पालथा घालून उभा. रांग भिंतीला वळसा घालून पार पलीकडं गेलेली. फाटकाला आंब्याच्या पानांचं तोरण. आणि सगळ्यात पुढं काकू, हातात हळदीकुंकवाचं ताट आणि नारळ.

नरसिंग माझ्या कानाशी पुटपुटला, "अय्यो बाबू, हे बादल्या कशाला घेऊन आलेत?"

"बसायला असतील," मी म्हणालो. "उलट्या घालून."

खरं सांगतो, मला तसंच वाटलं.

काकू पुढं आल्या. "गाड्या मागून येतेत का?"

"कसल्या गाड्या? ह्यातच हायेत की दोन्ही." आणि मी खोकं उघडलं.

काकू खोक्यात बघत राहिल्या. पेनाची नळी बघितली, साबणाची डबी बघितली. मग माझ्याकडं बघितलं. "आन् पाणी?"

"पाणी लागलं तर सर्किट जळतं, काकू."

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि मग डोक्यात उजेड पडला. रांगेत कुजबुज मागं मागं सरकत गेली, आणि जिथं पोचली तिथं डोक्यावरच्या घागरी खाली उतरत गेल्या. काही सुचेना म्हणून मी म्हणालो, "आलाच आहात तर बघून तरी जा," आणि दोन्ही टँक जमिनीवर ठेवले.

एकही हलला नाही. सूर्याच्या उन्हातही तोच न दिसणारा उजेड ढिगानं असतो, हे आमच्या पुस्तकात होतं, आमच्या डोक्यात नव्हतं. मैदानात ठेवल्या ठेवल्या दोघांनाही सूर्याची गोळी लागली होती.

इथवर झालं असतं तर शिव्या खाऊन सुटलो असतो. तेवढ्यात गल्लीत एकटा राहिलेला पानटपरीवाला पळत आला. "आरं, खरा टँकर येऊन गेला की. हॉर्न मारून मारून थकला. दारांना कुलपं, गल्लीत मानूस न्हाई. गेला फुडच्या वस्तीत."

माझ्या हातातून रिमोट पडला. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. एका बाईनं कडेवरचं लेकरू दुसऱ्या कडेवर घेतलं, रिकामी कळशी उचलली आणि उन्हात चालायला लागली. ते बघवेना.

आम्ही दोघं तसेच पळालो. आधी टँकरच्या मागं, तर तो शेवटची बादली देऊन निघालेला. मग दाळ मिलमध्ये, तिथं बोअर चालू होता. मिलच्या शेठजींपुढं मी हातच जोडले.

शेठजी म्हणाले, "पाणी घ्या. पण मिलमध्ये गर्दी नको. तुम्ही दोघंच यायचं."

मग काय, एका सायकलला दोन्हीकडं डबे अडकवले. मी हँडल धरलं, नरसिंग मागून ढकलत तेलुगूत मला काहीतरी म्हणत होता. मी अर्थ विचारला नाही. दारोदार ओतत दुपार गेली, उन्हं कलली. खांदे सुजले, तळहाताची सालटं निघाली.

काकूंची घागर सगळ्यात शेवटी भरली आणि मी त्यांच्या पायरीवर बसकण मारली. "काकू, चुकलं. तुम्ही पाण्याचं समजलात, मी लढाईतल्या टँकचं बोलत होतो. तोफ असते बघा तो."

"म्हंजे रणगाडा?"

"हाव."

"मग रणगाडा म्हनायचं की. माझा भाऊ फौजेत हाय. मला काय कळलं नसतं का?"

नरसिंग माझ्याकडं वळला. "ह्याला मराठीत शब्द हाय?"

तो देगलूरचा, घरात तेलुगू बोलणारा. त्याला माफ होतं. माझी आई निलंग्याच्या शाळेत मराठी शिकवायची, हे मात्र मी काकूंना खोली सोडेपर्यंत कळू दिलं नाही.