चुकलेल्या आकड्यांचा सत्कार

आमच्या खडकीच्या सोसायटीतले वरच्या मजल्यावरचे काका टंगस्टन धातूच्या अणूंची गणितं करतात. सूर्यासारखी ऊर्जा बनवणाऱ्या भट्टीत भिंतीचं टंगस्टन सुटलं, तर ते किती उष्णता उधळून टाकेल, हे ते काढत बसतात. "याचा उपयोग काय?" असं कोणी विचारलं की म्हणतात, "तुमच्या प्रश्नापेक्षा जास्त."

त्यांचा यावरचा शोधनिबंध परदेशात छापून आला, म्हणून आम्ही सत्कार ठेवला. शाल पांघरायच्या आधीच काका माइकपाशी गेले.

"माझे आकडे चुकलेत. काल एका जपानी संशोधक मुलीनं ईमेल करून दाखवून दिलं. शाल परत करा."

अध्यक्ष कुजबुजले, "अहो, इथं कोणाला कळतंय?"

"म्हणून तर सांगितलं."

शाल दुकानात परत गेली. नारळ तेवढा काकांनी नेला. चटणीला लागतो म्हणाले.