निरोपाची चाल

खांडबाऱ्यातला हा बँडवाला फोनवर कधीच 'ठेवतो' म्हणत नाही, बोलता बोलता कट! लग्नात कीबोर्ड वाजवतो, पण घरी? यार, भारी प्रकार! भोपळ्याची पावरी असते ना, फुंकून वाजवायची, तिचे जुने सूर घेऊन सिंथेसायझरवर धुक्यासारखं लांबच लांब संगीत बनवतो. मग एक डोळा मिटून विचारतो, "कसं वाटनं?"

परवा नवा ट्रॅक नेटवर टाकायच्या आधी मला घेऊन डोंगरात गेला, पावरीवाल्या म्हाताऱ्या बाबांकडे. चाल त्यांच्या पूजेतली. ते नाही म्हणाले तर सगळं पुसून टाकणार होता!

बाबांनी हेडफोन लावला. पाय हलायला लागले. ट्रॅक संपला तसे एकदम थांबले.

"देवले बलाई लिधा तू. आते निरोप कोन देई?"

याने देवाला बोलवायची चाल घेतली होती, पाठवणीची विसरलाच! तोंडच पडलं त्याचं. बाबा मात्र हसले आणि खुंटीवरची पावरी काढली.

"ले, रेकॉर्डमा भर."

हुश्श! आता ट्रॅक बाबांनी पावरीवर वाजवलेल्या पाठवणीने संपतो. तो टाकल्याचं सांगायला याचा फोन आला. भरभरून बोलला, आणि शेवटी चक्क म्हणाला, "बरं भाऊ, ठेवस मी."